संध्याकाळच्या एका पेगचा प्रकृतीला खरोखर फायदा होतो का?

सायंतारा

सर्व सदस्यांना नमस्कार. माझे वय ६२ असून चार वर्षांपूर्वी मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो. सध्या नाशिकमध्ये राहतो. गेली बावीस वर्षे मी रोज संध्याकाळी जेवणापूर्वी व्हिस्कीचा एक पेग घेत आलो आहे. दुसरा कधी घेत नाही, श्रावण पूर्ण पाळतो आणि मार्गशीर्षातले गुरुवारही पाळतो. या सवयीची सुरुवात चैनीसाठी झाली नव्हती. माझे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि मी चाळिशीत आलो तेव्हा रविवारच्या पुरवण्यांमधून 'थोडे मद्य हृदयाला पोषक असते' असे वारंवार छापून येत असे. ते वाचून मी एक पेग सुरू केला, आणि खरे सांगायचे तर पुढे तो आवडू लागला.

गेल्या महिन्यात मुलगा कॅनडाहून आला होता. २०२३ साली तिथल्या तज्ज्ञांनी दिलेला सल्ला त्याने माझ्यासमोर ठेवला. त्यानुसार आठवड्याला दोनपेक्षा जास्त पेले घेतले की धोका वाढू लागतो. दिवसाला नव्हे, आठवड्याला. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. दुसरीकडे माझे मेहुणे साठ वर्षांचे आहेत आणि त्यांनी आयुष्यात थेंबालाही स्पर्श केलेला नाही. त्यांच्या रक्ततपासणीत 'चांगले' कोलेस्टेरॉल कमी निघाले, तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी त्यांना रोज थोडी रेड वाइन घेण्याचा सल्ला दिला, आणि ते आता मला विचारत आहेत की कोणती आणावी.

तेव्हा माझे प्रश्न दोन आहेत. मी थांबावे का? आणि त्यांनी सुरू करावे का?

जनुभाऊ

सायंतारा यांनी नाहक काळजी करू नये, कारण महाराष्ट्र शासन त्यांच्या बाजूचे आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात मद्य प्यायला आजही परवाना लागतो, आणि परवानाधारकास प्रकृतीच्या रक्षणासाठी मद्याची आवश्यकता आहे अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. मी हजार रुपये भरून आजन्म परवाना काढलेला आहे. म्हणजे मी मद्यपी नसून शासनमान्य रुग्ण आहे, आणि माझा आजार आयुष्यभर बरा होणार नाही याचीही शासनाला खात्री आहे.

आकडेमोड

जनुभाऊंचा परवाना बाजूला ठेवून मूळ समजूत कुठून आली ते पाहू, कारण ती निव्वळ अफवा नव्हती. अमेरिकी संशोधक रेमंड पर्ल यांनी १९२६ सालीच असे नोंदवले होते की माफक पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा किंचित जास्त जगतात. पुढे अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये तोच आकार पुन्हा पुन्हा दिसला. न पिणाऱ्यांचा मृत्युदर थोडा वर, माफक पिणाऱ्यांचा सर्वांत खाली आणि जास्त पिणाऱ्यांचा बराच वर, म्हणजे आलेखावर इंग्रजी जे अक्षराची वक्ररेषा. १९९१ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर फ्रेंच लोकांच्या निरोगी हृदयाचे श्रेय रेड वाइनला देणारा कार्यक्रम झाला आणि तिथे रेड वाइनची विक्री एकदम वाढली. पुढच्याच वर्षी सेर्ज रेनो या फ्रेंच संशोधकांचा या विषयावरील निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्या रविवारच्या पुरवण्यांपर्यंत जे पोहोचले ते याच लाटेचे पाणी होते.

आता यातली मेख पाहा. 'न पिणारे' या रकान्यात कोण कोण बसलेले असते? त्यात जन्मभर न प्यायलेले असतात, तसेच पूर्वी भरपूर पिऊन यकृत बिघडल्यावर किंवा डॉक्टरांनी बजावल्यावर सोडलेलेही असतात. ब्रिटनमधील संशोधक शेपर यांनी १९८८ साली हे दाखवले की मध्यमवयीन पुरुष आजारी पडू लागले की पिणे कमी करतात किंवा सोडतात. म्हणजे मद्य सोडल्यामुळे ते आजारी नव्हते, आजारी पडल्यामुळे त्यांनी मद्य सोडले होते. अशा लोकांशी तुलना केली तर शेजारचा माफक पिणारा आपोआपच धट्टाकट्टा दिसणार.

तिरंदाज

आकडेमोड यांचा मुद्दा योग्य आहे, पण तो अर्धाच आहे. ही टीका होऊन तीन तपे उलटली, आणि तेव्हापासून अनेक अभ्यासांमध्ये सोडून दिलेल्यांना वेगळे काढून फक्त जन्मभर न प्यायलेल्यांशी तुलना केलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी असेच निवडक अभ्यास तपासून अहवाल दिला आणि त्यातही माफक पिणाऱ्यांचा एकूण मृत्युदर कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. तेव्हा 'सगळे थोतांड आहे' असा सूर लावणे हे शास्त्रापेक्षा सोवळ्याच्या जवळचे वाटते.

मी स्वतः आठवड्यातून दोनदा मित्रांबरोबर बसतो. दोन तास गप्पा होतात, कोणी गाणे म्हणतो, शेंगदाणे आणि काकडी संपते आणि दहाच्या आत सगळे घरी जातात. या बैठकीने माझ्या मनाला जे बरे वाटते ते कोणत्या रकान्यात मोजायचे?

आकडेमोड

तिरंदाज यांनी चांगला अहवाल पुढे आणला. त्याच अहवालात माफक पिणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचेही नोंदलेले आहे, हे सोबत वाचावे. शिवाय पाश्चात्त्य देशांत माफक पिणारा माणूस बहुधा बऱ्या उत्पन्नाचा, शिकलेला आणि वेळेवर दंतवैद्याकडे जाणारा असतो. त्याच्या दीर्घायुष्यातला वाइनचा वाटा कोणता आणि विमा-पगाराचा कोणता, हे नुसत्या निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही.

ते वेगळे काढण्याची एक युक्ती निसर्गाने दिलेली आहे. चीन, जपान आणि कोरियातील पुष्कळ लोकांमध्ये जन्मतः असे जनुक असते की मद्य घेताच चेहरा लाल होतो, छातीत धडधडते आणि पिणे नकोसे होते. हे जनुक श्रीमंती पाहून वाटलेले नसते. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास चालू आहे आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली लॅन्सेटमध्ये आले. लोकांनी स्वतः सांगितलेल्या प्रमाणावरून आलेख काढला तेव्हा पक्षाघाताबाबत तीच परिचित वक्ररेषा दिसली. जनुकांवरून प्रमाण ठरवून आलेख काढला तेव्हा ती वक्ररेषा नाहीशी झाली आणि मद्याबरोबर पक्षाघाताचा धोका सरळ चढत गेला. तिथल्या स्त्रियांमध्ये तेच जनुक असूनही त्या जवळजवळ पीत नाहीत, आणि त्यांच्यात असा चढ दिसला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नसून मद्याचाच होता. हृदयविकाराच्या झटक्याबाबत मात्र स्पष्ट फायदाही दिसला नाही आणि स्पष्ट तोटाही दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मिठागर

आमच्या गोव्यात हा वाद काजूच्या बोंडाइतका जुना आहे. सर्दी झाली की फेणी, पोट बिघडले की फेणी, पावसात भिजून आलो की फेणी. आमची आजी वाटीत चमचाभर फेणी घेऊन ती छातीला आणि तळपायांना चोळत असे आणि खोलीभर तो उग्र वास सुटत असे. मुलांना ती पाजत मात्र नसे. आजोबांना रात्री एक लहान ग्लास मिळे आणि तो आजीच ओतून देई. बाटली कपाटात आणि कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला, त्यामुळे प्रमाणाचा प्रश्न आमच्या घरात कधी उद्भवला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या धारेचा हुर्राक मिळतो. तो फेणीच्या मानाने पुष्कळ सौम्य असतो, पण लिंबू, मीठ आणि हिरवी मिरची घालून तो सरबतासारखा घशाखाली उतरतो आणि किती उतरला हे उठताना कळते. सौम्य पेयाचा धोका हाच आहे असे माझे मत आहे.

जनुभाऊ

मिठागर यांच्या आजींची पद्धत उत्पादन शुल्क खात्याने अभ्यासावी अशी मी शिफारस करतो.

डॉ_कौमुदी

मी गेली अठ्ठावीस वर्षे वैद्यकीय व्यवसायात आहे. मिठागर यांच्या आजींनी फेणी पाजली नाही हे फार चांगले केले. मद्याने अंगात ऊब येते असे वाटते, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता पृष्ठभागावर येते. प्रत्यक्षात शरीराचे आतले तापमान त्यामुळे कमी होते. बाळंतिणीला किंवा सर्दी झालेल्या बाळाला चमचाभर ब्रँडी देण्याची पद्धत अजूनही काही घरांत दिसते, ती पूर्णपणे बंद व्हायला हवी.

आता सायंतारा यांच्या पेगकडे येते. सगळा गोंधळ 'एक' या शब्दात आहे. आपल्याकडे लहान पेग ३० मिलिलिटरचा आणि मोठा ६० मिलिलिटरचा मानतात. व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क असतो आणि मद्यार्काच्या एका मिलिलिटरचे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम भरते. म्हणजे लहान पेगमध्ये दहा ग्रॅम आणि मोठ्यात वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. 'मी फक्त बिअर घेतो' असे सांगणारे माझ्याकडे रोज येतात. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे एक्केचाळीस ग्रॅम, म्हणजेच चार लहान पेग. ब्रिटनमधील एक युनिट आठ ग्रॅमचे, अमेरिकेतील एक पेला चौदा ग्रॅमचा आणि कॅनडातील त्याहून किंचित कमी, त्यामुळे परदेशी सल्ल्यातला 'एक पेला' आणि आपला 'एक पेग' यांची सरळ बरोबरी करता येत नाही. मुलाने सांगितलेली कॅनडाची मर्यादा आपल्या भाषेत आठवड्याला पावणेतीन लहान पेग इतकी होते.

माझी सायंतारा यांना विनंती आहे की त्यांनी आज संध्याकाळी नेहमीसारखा, न मोजता पेग ओतावा आणि मग तो मोजावा. तसेच कोणती औषधे चालू आहेत तेही सांगावे.

रेणुका_लीड्स

डॉ. कौमुदी यांनी युनिटचा उल्लेख केला म्हणून इथली माहिती देते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्त्री व पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिट ही एकच मर्यादा आहे. त्याआधी पुरुषांची मर्यादा जास्त होती. शिवाय ती चौदा युनिट एका शनिवारी संपवायची नसून तीन किंवा अधिक दिवसांत विभागायची असतात आणि मधले काही दिवस कोरडे ठेवायचे असतात, असेही त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. माझे इथले सहकारी पहिले वाक्य पाठ म्हणतात आणि दुसरे कधीच ऐकलेले नसते.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगते. इथल्या पबमध्ये वाइनचा मोठा ग्लास २५० मिलिलिटरचा असतो. तेरा टक्क्यांच्या हिशोबाने त्यात सव्वातीन युनिट होतात, आणि पाहुणे मात्र 'एकच तर ग्लास घेतला' असे म्हणत असतात.

अरुंधती

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहावेसे वाटले. वरची सगळी चर्चा हृदयाभोवती फिरते आहे आणि आकडेमोड यांचे एक वाक्य सोडले तर कर्करोगाकडे कोणी वळले नाही. सात वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. उपचार पूर्ण झाल्यावर एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मद्याबद्दल विचारले. मी आणि माझे यजमान शनिवार-रविवार वाइन घेत असू, कधी बुधवारीही, आणि ती वाइन असल्यामुळे आम्ही तिला दारू समजतच नव्हतो. मला कर्करोग वाइनमुळे झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही, कारण एका व्यक्तीच्या बाबतीत ते सांगता येत नसते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला तंबाखूच्या पंक्तीला, म्हणजे पहिल्या गटातल्या कर्ककारकांत बसवले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते.

ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली आले. रोज एक पेला, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, घेणाऱ्या दर हजार स्त्रियांमागे पंचाहत्तर वर्षांच्या वयापर्यंत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे अकरा रुग्ण जास्त होतात असा तो हिशोब आहे. अकरा ही संख्या लहान आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

तिरंदाज

अरुंधती ताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'सोवळे' हा शब्द मी मागे घेतो. अहवालाबद्दलचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

वैद्य_सोनचाफा

आयुर्वेदाचा आधार देऊन मद्याचे समर्थन करणारे रुग्ण मला नेहमी भेटतात, म्हणून खुलासा करतो. चरकसंहितेत मदात्यय, म्हणजे मद्यजन्य विकार, यावर चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. मद्य युक्तीने घेतल्यास अमृतासारखे आणि युक्ती सोडून घेतल्यास रोगकारक होते असे तिथे म्हटलेले आहे, आणि लोक यातला पहिला अर्धा भाग घेऊन घरी जातात. त्याच अध्यायात मद्याचे गुण ओजाच्या, म्हणजे शरीराच्या मूळ बळाच्या, नेमके विरुद्ध असल्याचे एकेक करून सांगितले आहे. शिवाय युक्ती म्हणजे काय, तर वय, बल, ऋतू, प्रकृती आणि आहार यांचा विचार. त्यात 'रोज रात्री आठ वाजता दूरदर्शनसमोर' असा कोणताही योग नाही.

अभयारिष्ट, द्राक्षासव इत्यादींमध्ये किण्वनाने आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो हे खरे आहे. परंतु ती चार-सहा चमचे, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर आणि ठरावीक दिवस घ्यायची औषधे आहेत.

जनुभाऊ

म्हणजे द्राक्षासवाची बाटली सोड्याबरोबर संपवणे शास्त्रसंमत नाही. आमच्या आळीतले एक गृहस्थ हे वाचून फार खिन्न होतील.

शंखनाद

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती आणण्यासाठी गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. या धाग्यावरची चर्चा वाचताना मला असे वाटते की आपण सगळे ज्याला दहा वाजता उठून घरी जाता येते अशा माणसाबद्दल बोलत आहोत. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील दहाला उठून घरी येतात तेव्हा काय होते, ते मुले सकाळी सांगत नाहीत, पण मला कळते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे ठामपणे सांगितले गेले. मद्यार्काच्या रेणूला तो द्राक्षांतून आला की मोहातून, हे ठाऊक नसते. प्रतिष्ठित माणसाच्या 'माफक'मुळे दारूला जी प्रतिष्ठा मिळते, तिची किंमत दुसरीकडे मोजली जाते.

तिरंदाज

शंखनाद सर, आपला अनुभव मी नाकारत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली ती उठवली गेली, कारण बंदीच्या काळात बेकायदा आणि बनावट दारू वाढल्याच्या तक्रारी होत्या. बंदी आणि प्रकृती हे दोन वेगळे विषय आहेत आणि सायंतारा यांनी दुसरा विचारला आहे.

आकडेमोड

विषय वेगळे असले तरी शंखनाद यांच्या म्हणण्यात आकडेवारीचाही एक धागा आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पंधरा वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि जेमतेम १ टक्का स्त्रिया मद्य घेतात. पाश्चात्त्य देशांत न पिणारा माणूस अपवाद असतो आणि त्याच्या न पिण्यामागे बऱ्याचदा आजारपण असते. आपल्याकडे न पिणे हाच नियम आहे. त्यामुळे तिथल्या 'न पिणाऱ्यां'वर बेतलेला निष्कर्ष सायंतारा यांच्या मेहुण्यांना जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. ते आजारी म्हणून नव्हे, संस्कार म्हणून पीत नाहीत.

या सगळ्याचा कायमचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत एक मोठी चाचणी योजली होती. सुमारे ७,८०० लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना रोज एक पेला द्यायचा आणि उरलेल्यांना मद्यापासून दूर ठेवायचे, असे ठरले होते. तिच्या खर्चाचा मोठा वाटा मद्य कंपन्या उचलणार होत्या आणि त्यांच्याशी आधीच बोलणी झाली होती असे उघड झाल्यावर २०१८ च्या जूनमध्ये ती बंद करण्यात आली. मांजरालाच दुधाची चव तपासायला बसवल्यावर दुसरे काय होणार?

सायंतारा

चार दिवस उत्तर दिले नाही याबद्दल क्षमस्व. डॉ. कौमुदी यांनी सांगितल्याप्रमाणे मी पेग मोजला, आणि नंतर थोडा वेळ एकटाच बसून राहिलो.

माझा पेला जाड बुडाचा, काचेचा आहे. त्यावर बाहेरून कोरलेली द्राक्षाची वेल आहे आणि मी बावीस वर्षे त्या वेलीच्या खालच्या पानापर्यंत ओतत आलो आहे. घरात माप नव्हते. नातवाच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेली दहा मिलिलिटरची प्लास्टिकची टोपी होती, ती धुऊन घेतली. नेहमीसारखे ओतले आणि टोपीने मोजत दुसऱ्या भांड्यात काढले. सहा टोप्या झाल्या तरी पेल्यात दिसण्याइतके शिल्लक होते. नऊ टोप्या भरल्या. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर नऊ भरून वर थोडे उरले. सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ते पहिल्यापासून दिसत होते, पण तुम्ही विचारले कधी?"

हिशोब केला. नव्वद मिलिलिटर म्हणजे दिवसाला तीस ग्रॅम, आठवड्याला दोनशे दहाच्या वर. रेणुका यांच्या ब्रिटिश मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. कॅनडाचा हिशोब मी केला नाही. औषधांत रक्तदाबाची एक गोळी आणि दीड वर्षापासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. डॉक्टरांनी पिण्याबद्दल विचारले होते आणि मी 'एकच' असे सांगितले होते. ते खोटे नव्हते असेच मला वाटत होते.

डॉ_कौमुदी

सायंतारा, आपण मोजले आणि इथे प्रांजळपणे लिहिले, असे फार थोडे लोक करतात. माझ्या अनुभवात घरी ओतलेला 'एक' हा क्वचितच एक निघतो.

२०१८ साली लॅन्सेटमध्ये सुमारे सहा लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात न पिणाऱ्यांना मुळातच बाहेर ठेवले होते, त्यामुळे आकडेमोड यांनी सांगितलेली मेख तिथे लागू होत नाही. आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅमच्या पुढे मृत्यूचा धोका वाढू लागतो असे त्यात दिसले. झटक्याचे प्रमाण मद्याबरोबर थोडे कमी होताना दिसले, पण पक्षाघात, हृदय निकामी होणे आणि उच्च रक्तदाबामुळे होणारे मृत्यू वाढत गेले. म्हणजे आपल्या वडिलांच्या आजाराला घाबरून आपण एक दार लावले असेल असे मानले, तरी शेजारची तीन दारे उघडी राहिली.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. मद्याने रक्तदाब वाढतो, त्यामुळे गोळी एकीकडे ओढते आणि पेला दुसरीकडे. पिणे कमी केल्यावर काही आठवड्यांत रक्तदाब उतरलेला मी पुष्कळ रुग्णांत पाहिला आहे, म्हणून घरी मोजत राहा आणि गोळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मेटफॉर्मिनबरोबर जास्त मद्य घेतल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो, आणि रिकाम्या पोटी घेतल्यास साखर खाली जाऊ शकते. तेव्हा त्यांना नऊ टोप्यांची गोष्ट सांगा. तुम्ही श्रावण सहज पाळता, त्यामुळे तुम्हाला सोडताना त्रास होण्याचा संभव कमी आहे. मात्र हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज पाव-अर्धी बाटली घेत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर त्यांनी एकदम बंद करू नये. त्यात फिट येण्याचा धोका असतो. त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

मेहुण्यांचे उत्तर मात्र सरळ आहे. त्यांनी सुरू करू नये. मद्याने चांगले कोलेस्टेरॉल किंचित वाढते हे खरे आहे, पण तो आकडा वाढवला म्हणजे झटका टळतो असे नाही. तो आकडा भरपूर वाढवणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २००६ साली मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले. रेड वाइनमधल्या ज्या रेस्व्हेराट्रॉल या रसायनाचा गाजावाजा झाला, ते एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅमच असते, आणि प्रयोगातल्या उंदरांना जे प्रमाण दिले होते ते मिळवायला रोज बादल्या भरून वाइन प्यावी लागेल.

जनुभाऊ

नाशिकमध्ये बादल्यांची कमतरता नाही. पण मीही काल रात्री मोजले. माझा 'लहान' पेग पंचावन्न मिलिलिटरचा निघाला. शासनमान्य रुग्णाचा डोस चुकत होता हे नम्रपणे नोंदवतो.

तिरंदाज

आमच्या शुक्रवारच्या बैठकीत मी औषधाची टोपी घेऊन गेलो होतो. अर्धा तास सगळे हसले आणि नंतर कोणी ती वापरू दिली नाही. मी माझ्यापुरते मोजले, दोन मोठ्या पेगांवर थांबलो आणि गप्पांत काही उणे पडले नाही. त्या बैठकीतून मिळणारा आनंद मद्याचा किती आणि माणसांचा किती, हे मात्र मला अजून वेगळे काढता आलेले नाही.

सायंतारा

मेहुण्यांना धागा वाचून दाखवला. ते चक्क सुटल्यासारखे हसले, कारण त्यांना वाइन कधीच प्यायची नव्हती, नुसते चारचौघांत मागे पडल्यासारखे वाटत होते. रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना चालणे वाढवायला आणि तंबाखूची मिश्री सोडायला सांगितले होते. मिश्रीचा उल्लेख त्यांनी आम्हा कोणाजवळ केला नव्हता.

माझे म्हणाल तर आमच्या डॉक्टरांना खरा आकडा सांगितला. त्यांनी पूर्ण बंद केल्यास उत्तम असे सांगितले आणि निदान तीन महिने बंद करून रक्तदाब पाहू असे ठरले. आज अकरावा दिवस आहे. मुलाला फोनवर सांगितले, त्याने विजयाचा सूर लावला नाही याचे मला बरे वाटले. साडेसातला मी त्याच पेल्यात लिंबू-सोडा घेतो. सवयीने ओततानाही वेलीच्या खालच्या पानाशीच थांबतो, आणि मग लक्षात येते की आता वरपर्यंत भरायला हरकत नाही.

मिठागर

पानाच्या वर भरा, पण लिंबाबरोबर चिमूटभर मीठ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची घाला. आमच्याकडे हुर्राकात तेच घालतात, आणि हुर्राक काढून टाकला तरी ते चांगले लागते.